पोथीचा हात

आमच्या स्वयंपाकघरात दोन पातेली अगदी एकसारखी होती. एकात सकाळची पेज शिजायची आणि दुसऱ्यात आत्येची खळ. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा, पुस्तकं चिकटवण्यासाठी. तिला कसर लागू नये म्हणून आत्ये तिच्यात मोरचूद घालायची, म्हणजे सरळ सांगायचं तर विषच. खळीच्या पातेल्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला असे आणि तो सुटलेला दिसला की घरात बोंब उठायची. एकदा बाबांचे एक चुलतभाऊ सकाळी सकाळी आले आणि ‘पेज मीच वाढून घेतंय’ म्हणत त्यांनी नेमकं तेच झाकण उचललं. आत्येने बसल्या जागेवरून अशी किंकाळी मारली की त्यांच्या हातातली पळी उडून चुलीमागे गेली. त्यानंतर ते आमच्याकडे आले की चहासुद्धा आधी हुंगून प्यायचे. हे आधी सांगते आहे ते अशासाठी, की आमचं घर आणि आमचा छापखाना यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. पुढच्या पडवीत मशीन, माजघरात कागदाची रिमं, मागच्या पडवीत आत्येची बांधणी, आणि उरलेल्या जागेत आम्ही माणसं.

छापखाना मालवणच्या बाजारामागच्या गल्लीत होता. त्याला नाव होतं, पाटीही होती, पण लोक आम्हाला पोथीवालेच म्हणत. कारण बाबा पोथ्या छापत. आसपासच्या देवळांना, भटजींना, सप्ताह करणाऱ्या मंडळींना आमच्याकडच्या पोथ्या लागत. मध्येच लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशावताराची हस्तपत्रकं असायची, पण मुख्य काम पोथीचं. मशीन पायाने मारायचं, लहानसं, एका वेळी एक पान घेणारं. खटॅक झाल्यावर ते एक दीर्घ सुस्कारा टाकी, मग पुन्हा खटॅक. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी तो आवाज ऐकला की मला भूक लागायची. अजूनही कुठे जुनं मशीन चालताना ऐकलं तर तसंच होतं. पण आता ऐकायला मिळतंय कुठे म्हणा.

बाबा तरुणपणी मुंबईच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला होते, त्यामुळे त्यांच्या तोंडी सगळे मुंबईचे शब्द. खिळ्यांची खणाखणांची पेटी म्हणजे ‘केस’, खिळे ओळीने भरायची पट्टी म्हणजे ‘स्टिक’, आणि जुळवलेलं पान लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवलं की झाला ‘फर्मा’. आत्ये बांधणीचं काम शिकली सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंडरकडून, त्यामुळे तिचे शब्द निराळे. घडी घालून एकात एक बसवलेल्या पानांच्या जुडीला बाबा ‘सेक्शन’ म्हणत, ती ‘जुज’ म्हणायची. बाबांचा ‘क्लँप’ तिचा ‘शिकंजा’. आणि पुस्तकाच्या बाकी सगळ्या भागांना तिच्याकडे माणसाच्या अंगाची नावं होती. पुस्तकाला डोकं असे, पाय असत, पाठ असे, आणि पानं उघडतात ती बाजू म्हणजे तोंड. कोपरा दुमडला की ‘कान मोडलो’. “ह्या पुस्तकाची पाठ दुखता,” असं ती म्हणाली की समजायचं शिवण ढिली झाली आहे. दोघं भाऊबहीण दिवसभर या शब्दांवरून भांडत. बाबा म्हणत, “मथू, जरा सुधार. जगात तेका सेक्शन म्हणतत.” आत्ये दोऱ्याला मेण लावता लावता म्हणायची, “जग माझ्याकडे पुस्तक बांधूक येता काय? जेव्हा येतला तेव्हा सांगतंय तेका.”

मथूआत्येने लग्न केलं नव्हतं. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि तिला विचारायची छाती कुणाची नव्हती. उंच, काळीसावळी, नऊवारी घट्ट खोचलेली, उजव्या अंगठ्याला कातड्याची टोपी. मला ती फार आवडायची. हे आज सांगायला मला काही वाटत नाही, तेव्हा मात्र तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती, कारण कौतुक केलं की ती लगेच काहीतरी काम सांगायची. तिने बांधलेलं पुस्तक कुठेही उघडा, सपाट पडून राही. हल्लीची पुस्तकं बघते मी. उघडली की कडकन पाठ मोडते, दुसऱ्या वाचनाला पानं हातात येतात, आणि किंमत विचारू नका. माझी नात म्हणते, आजी, तू पुस्तक वाचत नाहीस, तपासतेस. तपासते, बाई. माझा हातच तसा झालाय.

मी बारावी झाले त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. खिळे उलटे असतात, आरशात दिसल्यासारखे, आणि ते वाचायला नजर तीक्ष्ण लागते. बाबांना ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक दिसेना. मी लहानपणापासून त्यांच्या शेजारी उभी राहून खिळे भरत होते, मशीनही मारत होते, पण फर्मा लावणं हे बाबांचं काम. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. आता ते म्हणायला लागले, मशीन देऊन टाकू. कसालला माझे मामा होते, त्यांच्या ओळखीने मला डी.एड.ला घालायचं असंही ठरत आलं होतं. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मला छापायचं होतं. कोऱ्या कागदावर काळी ओळ उमटली की मला जे वाटायचं ते दुसऱ्या कशातच वाटत नव्हतं, आणि ते कुणाला समजावून सांगताही येत नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी कुळथाची पिठी आणि सुका बांगडा होता म्हणून जेवले, पण रडतच. शेवटी बाबा म्हणाले, “बरा. एक काम तू एकट्यान करून दाखव. फर्म्यापासून. नीट झाला तर मशीन तुजा. नाय झाला तर मुकाट्यान कसालाक जायचा.”

ते काम घेऊन आल्या फिलोमिना टीचर. या मालवणातल्याच, शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील म्हणजे मेस्त. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवून गाणारी मंडळी तयार करणाऱ्याला आमच्याकडे मेस्त म्हणतात, आणि या मेस्तांनी चाळीस वर्षं इथल्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ते काम केलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः रचलेली गाणी, काही मराठीत, काही मालवणीत, वह्यांच्या चिठोऱ्यांवर विखुरलेली होती. मेस्तांना दम्याने घेरलं होतं. येत्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, ते शेवटचं वाजवणार, असं त्यांनीच जाहीर केलं होतं, आणि त्या दिवशी त्यांच्यासमोर त्यांच्या गाण्यांचं छापील पुस्तक असावं, ही टीचरांची इच्छा. “दीडशे प्रती,” त्या म्हणाल्या. “फेस्तानंतर दिलात तर माका त्याचो उपेग नाय. पप्पा पुढच्या फेस्ताक आसतले काय, देवाक म्हायत.” कागद त्यांनी बेळगावहून त्यांच्या भावाकडून मागवला होता, चांगला, जाड, आणि मोजून तेवढाच.

खिळे मी जुळवले, बाबांनी सवयीच्या हाताने मदत केली, टीचरांनी प्रुफं तपासली. तेवढ्यात मिरजेहून पत्र आलं की डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख लागली आहे. बाबांना जाणं भाग होतं. आई त्यांच्याबरोबर गेली. निघताना एस.टी. स्टँडपर्यंत बाबा मला सूचना देत होते. शाई पातळ करू नकोस, रूळ रोज पूस, पाचर फार ठोकू नकोस, खिळा वर आला तर बोटाने दाबू नकोस, पहिलं पान निघालं की उजेडात धर. पंचवीस तरी गोष्टी सांगितल्या असतील. गाडी सुटली तरी खिडकीतून हात काढून काहीतरी सांगत होते, ते मात्र ऐकू आलं नाही.

चार दिवस मी मशीन मारलं. अठ्ठेचाळीस पानं, म्हणजे चोवीस कागद, दोन्ही बाजूंनी. आधी सगळ्यांची पहिली बाजू छापली, दोऱ्यांवर वाळत घातली. घरभर कागद लटकत होते, आत्ये वाकून वाकून चुलीपर्यंत जायची आणि शिव्या घालायची. मग पाठची बाजू. छापताना कागदाची कोरी बाजू वर असते, छापलेली खाली, त्यामुळे खाली काय आहे ते दिसत नाही. हात आपोआप चालतो. डाव्या हाताने कागद उचलायचा, पलटायचा, लावायचा, खटॅक, काढायचा. मी पहिलं पान उजेडात धरलं, ओळी सरळ आहेत, शाई सारखी आहे, झालं; कागद जाड, आरपार काही दिसलं नाही. मी गाणी गुणगुणत होते, मेस्तांचीच. मला वाटत होतं, मशीन माझं झालं.

पाचव्या दिवशी दुपारी मी पहिली प्रत जुळवायला बसले. एकावर एक चोवीस पानं रचली, आणि पहिलं पान उलटलं. पाठीमागचं पान डोक्यावर उभं होतं. मी दुसरं उलटलं. तेही. तिसरं, चौथं, सगळी. मग मला कळलं मी काय केलं ते.

वाचणाऱ्याने पोथी हाताळली असेल तर लगेच समजेल. पोथीची पानं सुटी असतात, शिवलेली नसतात. वाचून झालेलं पान आपण बाजूने परतत नाही, वरच्या बाजूने पलीकडे पलटतो. म्हणून पोथी छापताना कागद डोक्याकडून पलटायचा असतो, पाठचा मजकूर पुढच्याच्या उलटा पडतो, आणि वाचताना बरोबर सुलटा येतो. पुस्तकाला हे चालत नाही. पुस्तक डाव्या बाजूला शिवायचं, पान बाजूने परतायचं, तर कागदही बाजूनेच पलटायला हवा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात मी जन्मापासून पोथ्याच बघितल्या, पोथ्याच छापल्या. माझ्या हाताला दुसरी सवयच नव्हती. दीडशे प्रती, सगळ्या उलट्या. कागद संपलेला. फेस्ताला आठ दिवस.

मी तशीच मागच्या पडवीत गेले आणि आत्येच्या समोर उभी राहिले. ती सुईत दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, “काय झाला गो? पेज उतू गेली?” मी हातातली प्रत तिच्या पुढ्यात ठेवली आणि हमसून हमसून रडायला लागले. तिने पानं एकेक करून उलटली. बाजूने एकदा, मग वरच्या बाजूने एकदा. मग म्हणाली, “चांगली छापलंस. शाई बरी बसलीहा.”

“आत्ये, उलटी पडलीहत सगळी!”

“दिसता माका. रडलंस म्हणान सुलटी जातली? नाक पूस आधी, कागदार पडात.” मी नाक पुसलं. “आता सांग, पुस्तकाची पाठ खंय असता?”

“डाव्या बाजूक.”

“असा कोणी सांगल्यान? पाठ आपण घालतो थंय असता. हेची डोक्यार घालूया. पान वर पलटला की सुलटा. पोथी झालीहा तर पोथीसारखी बांधूया, पण शिवून.”

पण अडचण एक नव्हती. टाके घालायला जागा मी डाव्या बाजूला सोडली होती, डोक्याकडे नव्हती. तिथे शिवलं असतं तर पहिली ओळ टाक्यात गेली असती. आत्येने पानाच्या डोक्यावर अंगठा ठेवून मापलं. मग उठून आत गेली आणि येताना बाबांची दोन धोतरं घेऊन आली. जुनी, धुवून धुवून मऊ झालेली, पण फाटलेली नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. “दोन दोन पानां समोरासमोर ठेवायची, डोक्याक डोका लावून,” ती म्हणाली. “मधे कापडाची पट्टी खळीन चिकटवायची. पट्टीवर घडी घालायची आणि पट्टीतसून शिवायचा. पानाक सुई लावचीच नाय.” आणि तिने धोतर टराटरा फाडायला सुरुवात केली.

दीडशे प्रती, प्रत्येकीत बारा पट्ट्या. हिशेब करायचं धाडस मला झालं नाही. पण त्या आठवड्याइतकं काम मी नंतर आयुष्यात कधी केलं नाही आणि तितकी शिकलेही नाही. खळ किती पातळ हवी, ती बोटांवर कशी चाचपायची, पट्टी ताणून लावली तर वाळल्यावर पान का आक्रसतं, हाडाच्या पट्टीने घडी दाबताना जोर मनगटाचा नाही तर खांद्याचा का लावायचा. तीन जोड्या एकात एक बसवून एक जुज, असे चार जुज, आणि ते शिकंज्यात धरून डोक्याकडून शिवलेले. आत्येचा हात इतका भराभर चाले की दोरा दिसायचाच नाही, फक्त सुईचा टक टक आवाज. मी एक शिवीपर्यंत तिचे तीन होत. माझा टाका तिरका गेला की ती काही बोलायची नाही, उसवायची आणि परत माझ्याच हातात द्यायची. त्या दिवसांत आम्ही आंबोळ्या आणि चटणीवर राहिलो. तिने एकदाही, ‘कसा केलंस गो असा?’ म्हणून विचारलं नाही. मी आज पासष्टीच्या पुढे आहे, पुष्कळ माणसं बघितली, पण दुसऱ्याची चूक अशी मुकाट्याने आपल्या मांडीवर घेऊन बसणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

मध्येच एक दिवस फिलोमिना टीचर आल्या. मी मागच्या पडवीत पट्ट्या लावत होते. “मथूबाय, एक पुस्तक बघूक गावतला?” त्यांनी विचारलं. आत्येने शांतपणे सगळ्यावर ओलं फडकं टाकलं, दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “शिवणीर असलेला पुस्तक दाखवूचा नसता. दिष्ट लागता.” टीचर शिकलेल्या, ख्रिस्ती, दृष्टबिष्ट मानणाऱ्या नव्हत्या, पण आत्येचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, “बरा तर.” त्यांना गूळपाणी देऊन आत्येने वाटेला लावलं. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीही घाबरलेली आहे.

फेस्ताच्या आदल्या दिवशी सकाळी आईबरोबर बाबा आले. काळा चष्मा, हातात काठी, वाकायला बंदी. पुस्तकं तयार होऊन टेबलावर रचलेली होती, निळ्या पुठ्ठ्याची. बाबांनी एक उचललं, चाचपलं, उघडायला गेले तर ते वर उघडलं. “ह्या काय? पाठ वर कशाक?”

आत्येने मला आधीच बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, “मेस्ताचे दोनय हात व्हायोलिनात. बाजूक पान परतूक तेका जमणा नाय. म्हणान वर घातलंय.”

“तेणी सांगल्यान?”

“सांगूक कशाक व्हया? डोळे आसत माका.”

बाबांनी पानं वर पलटून पाहिली. प्रत्येक पान सुलटं. समास मात्र जरा विचित्र होता, एका पानाचा मजकूर उजवीकडे सरकलेला, पुढच्याचा डावीकडे. ते सावरायला आत्येकडेही उपाय नव्हता. बाबांना ते दिसलं की नाही, त्या चष्म्याआडून कळेना. शेवटी ते म्हणाले, “बरा झालाहा. सुलू, बरा केलंस.” मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. आंघोळीनंतर त्यांनी आतून हाक मारली, “मथू, माजी दोन धोतरां दिसनत नाय!”

“ऑपरेशन झालाहा मां आत्ताच?” आत्ये बाहेरून म्हणाली. “दिसतली हळूहळू.”

फेस्ताच्या दिवशी बाबा आणि मी इगर्जीत गेलो. आत्ये आली नाही. तिला गर्दी आवडत नसे, आणि मला वाटतं, तिला बघवलं नसतं. आम्ही मागे दरवाजाशी उभे होतो. फुलांचा आणि मेणबत्त्यांचा वास, बायकांच्या नव्या कपड्यांची सळसळ, आणि वर गाणाऱ्यांच्या मधोमध मेस्त, पांढऱ्या सदऱ्यात, इतके वाळलेले की गळ्याखालचं व्हायोलिनच त्यांना धरून ठेवतंय असं वाटावं. पुस्तक समोरच्या लाकडी घोडीवर ठेवलेलं. टीचर नेहमीप्रमाणे पान परतायला शेजारी उभ्या. पहिलं गाणं पानाच्या शेवटाला आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. व्हायोलिन थांबलं नाही. डोळे उघडले तेव्हा टीचर हात पुढे करून तशाच उभ्या होत्या, आणि मेस्तांनी दोन सुरांच्या मधल्या फटीत गजाच्या टोकानेच पान खालून उचलून वर पलटवलं होतं. पान वरच्या अंगाला घोडीला टेकून नीट पडून राहिलं. मेस्त क्षणभर पुस्तकाकडे बघत राहिले आणि पुढच्या पानालाही त्यांनी तेच केलं. त्यानंतर शेवटपर्यंत त्यांनी टीचरांना हात लावू दिला नाही. दम लागत होता, तरी वाजवत होते. आत्येने बाबांना मारलेली थाप शब्दशः खरी ठरली होती, आणि ते बघायला ती तिथे नव्हती याचं मला फार वाईट वाटलं.

नंतर अंगणात मेस्त खुर्चीवर बसले होते, पुस्तक मांडीवर. लोक भोवती जमलेले. त्यांनी बाबांचा हात धरला. “देव बरें करूं तुमचें,” ते म्हणाले, आणि मग मालवणीत, “पाठ वर घालूचा कोणाच्या डोक्यातला?”

बाबा ताठ झाले. “शिवणकाम माझ्या भयणीचा. छापल्यान आमच्या सुलून, एकटीन. आजपासून मशीन तिचा.”

हेच ऐकायला मी दोन दिवस उपाशी राहिले होते. आणि आता ऐकलं तर घशाखाली उतरेना. आत्येची ताकीद आठवली, कसाल आठवलं, तरी तोंडातून निघूनच गेलं. “मेस्तानू, ती माजी चूक आसा. मी कागद पोथीसारखो पलटलंय. सगळी पानां उलटी पडली. आत्येन सावरल्यान.” टीचरांनी तोंडावर हात ठेवला. बाबांकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मेस्त माझ्याकडे बघत राहिले, मग पुस्तकाकडे, मग हसायला लागले, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर बाबांना म्हणाले, “चाळीस वर्सां मी पान परतूक कोणाक तरी बाजूक उभा करतंय. ही चूक तुमी आदीच कित्याक नाय केल्यात?” सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

घरी येताना मी त्यांचा हात धरून चालत होते, कारण उन्हात त्यांना नीट दिसत नव्हतं. बाजार मागे पडला. मी मनातल्या मनात कसालच्या एस.टी.च्या वेळा आठवत होते. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

“डोक्याकडसून पलटलंस?”

“होय.”

“जाताना मी तुका पंचवीस गोष्टी सांगलंय. ही एक सांगूक नाय. कित्याक, म्हायत आसा?”

“इसारलात?”

“इसारलंय नाय. माझ्या मनातच इली नाय.” त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “थंय मी उभो आसतंय तर माझ्या हातान पण तसाच पलटला असता. आणि मी कोणाक सांगलंय नसतंय.”

मी भर रस्त्यात रडायला लागले. आठवडाभर आत्येच्या धाकाने अडवलेलं सगळं तिथे बाहेर आलं. बाबांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाले, “पुरे आता. उद्या देवळाच्या पोथीचो फर्मा लावूचो आसा. माका वाकूक बंदी आसा, तुकाच लावूचो लागतलो.” आणि माझा हात धरून चालायला लागले.